बराकीतला टिकाणा

माझं बालपण उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधलं. आमची गुढी उतरली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या सिंधी अम्मांकडून ताहिरी, म्हणजे गोड भात यायचा. त्यांचा चेटीचंड!

1947 नंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत लाखभर सिंधी निर्वासित आले. पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना निदान आपल्या प्रांताचा तुकडा तरी भारतात होता. सिंध्यांना तोही नाही. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. अम्मा म्हणायच्या, "रडायलासुद्धा आडोसा नव्हता." मग बराकीच्या टोकाला टिकाणा झाला. तिथे गुरू ग्रंथसाहिबाचं वाचन चाले. पण कुणाचा भाऊ सापडला, कुठे काम मिळतंय, कुणाकडे मुलगी लग्नाची आहे, हेही तिथेच कळायचं. माणसं सावरली ती या बसण्या-उठण्यानं, असं मला वाटतं.

पुढे प्रा. राम पंजवानी मटका वाजवत झूलेलालची गाणी गात फिरले. अजमेर, इंदूर, आदिपूर असे विखुरलेले लोक एका दैवताभोवती जमले.

पण काही सुटलंच. सिंधमध्ये उडेरोलालच्या एकाच वास्तूत हिंदू-मुसलमान दोघंही माथा टेकतात. हिंदूंचा तो झूलेलाल, मुसलमानांचा शेख ताहिर. इकडे दुसरं नाव कुणी घेईना. अम्मा मात्र दिवा पाण्यात सोडताना दोन्ही नावं घ्यायच्या. सून रागवायची.