स्त्री कोण? समकालीन स्त्रीवादातील एक वाद

अमेरिकेतील सेंट लुईस येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ प्रवेशच नव्हता. पुढे मंदी आली आणि कपात सेवाज्येष्ठतेनुसार झाली. उशिरा आलेल्या याच बायका सर्वांत आधी घरी गेल्या. पाच जणींनी दावा लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने लिंगभेदाचा आरोप फेटाळला, कारण कंपनीत गोऱ्या स्त्रिया पूर्वीपासून कामाला होत्या. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या एका दाव्याला जोडावी, असे सुचवले. दोन्ही भेद एकत्र धरून दाद मागायला मात्र नकार दिला.

किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित विदुषीने १९८९ मध्ये या निकालाची चिकित्सा करून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली. वंशाचा आणि लिंगाचा जाच एकाच बाईच्या वाट्याला येतो, तेव्हा त्याची नुसती बेरीज होत नाही; तिसराच अनुभव तयार होतो. ‘समस्त स्त्रिया’ म्हणून बोलणारी चळवळ बहुधा गोऱ्या, मध्यमवर्गीय स्त्रीलाच डोळ्यांपुढे ठेवते, हा त्यातला खरा टोला.

महाराष्ट्रात हाच प्रश्न जातीच्या अंगाने आला, आणि तो अमेरिकेतून उसना घेतलेला नव्हता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले, तेही १९८९ मध्येच. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असे राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडले. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावर महत्त्वाची भर घातली: दलित स्त्रीचा दृष्टिकोन जन्माने आपोआप मिळत नाही, तसा तो बाकीच्यांना बंदही नाही. सवर्ण स्त्रीवाद्यांनी दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नये. पण त्यांचा इतिहास शिकून स्वतःची भूमिका बदलावी. हा सल्ला ऐकायला सोपा, पचायला जड. स्त्रीवादी अभ्यासक छाया दातार यांनी १९९९ मध्ये त्याचा जाहीर प्रतिवाद केला.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका अंध, अनुसूचित जातीच्या स्त्रीवरील बलात्काराच्या खटल्यात ‘इंटरसेक्शनॅलिटी’च्या संकल्पनेचा सविस्तर आधार घेतला. आरोपीची जन्मठेप कायम राहिली. ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र टिकली नाही, कारण गुन्हा जातीमुळेच घडला याचा पुरावा जुन्या कलमाला हवा होता. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत, पीडित व्यक्तीची जात आरोपीला ठाऊक असणे पुरेसे मानले आहे.