सर्पगंधेची पुडी

आज जरा घरचाच विषय.

मागच्या महिन्यात क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर बाबांच्या मित्राने त्यांना सर्पगंधेची पुडी दिली. "बीपीची गोळी सोड, हे घे." बाबांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. दहा दिवसांनी मशीनवर आकडा आला 178 वर 104. मी जाम चिडलो.

मग वाचायला बसलो, तर काकांचं अर्धं खरं निघालं! सर्पगंधेने बीपी उतरतं, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रुग्णांचे आकडे देऊन दाखवलं. 1952 मध्ये तिच्या मुळांतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. नॉरअ‍ॅड्रेनालीन हे हार्मोन आपल्या रक्तवाहिन्या आवळतं. मज्जातंतूंच्या टोकांशी त्याचा साठा असतो. रेसरपीन तो साठा होऊच देत नाही, म्हणून वाहिन्या सैलावतात.

पण डोस जास्त झाला तर नाडी मंदावते, मन उदास होतं. डॉ. वकिलांनी बीपी मोजून नोंदी ठेवल्या. पुडीत रेसरपीन किती, हे कोण मोजणार? आमच्या भाषेत, टेस्टिंग न करता थेट प्रोडक्शन!

बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "म्हणजे औषध खरं आहे ना?"

"खरं आहे, म्हणूनच जपायचं."

दुसऱ्या दिवशी पुडी घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. गोळी परत सुरू झाली. तुमच्या घरी अशी पुडी असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात!