नगरची गोधडी आणि अल्झायमरचं संशोधन

(अहिल्यानगर येथे हातशिलाई करणाऱ्या कारागिरांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



हातशिलाईच्या संमेलनात कापड, दोरा, मजुरी आणि बाजार यांवर बोलणं होणारच. त्याला आज आणखी एका विषयाची जोड द्यायची आहे. गोधडी शिवणाऱ्या बायकांनी एका आजाराच्या संशोधनासाठी आपल्या कलेतून पैसा उभा केला, ही घडलेली गोष्ट आहे. ती अमेरिकेत घडली. नगर जिल्ह्यात ती घडावी यासाठी लागणारे हात, कापड आणि गरज या तिन्ही गोष्टी इथं आहेत. पुढचं सगळं बोलणं त्यासाठीच आहे.

मिशिगन राज्यातल्या एमी सिम्स या क्विल्ट (तिकडची गोधडी) शिकवणाऱ्या आणि त्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या नामवंत कारागीर. त्यांच्या आईला अल्झायमर झाला. 2006 मध्ये त्यांनी ‘अल्झायमर्स आर्ट क्विल्ट इनिशिएटिव्ह’ हे काम सुरू केलं. विसरणं म्हणजे काय, हे कापडातून सांगणाऱ्या 52 क्विल्टचं प्रदर्शन त्यांनी गावोगाव फिरवलं. त्यासोबत देशभरातल्या शिवणाऱ्यांना त्यांनी एक साधी विनंती केली: छोटी क्विल्ट शिवा आणि दान करा. आकार जास्तीत जास्त नऊ इंच बाय बारा इंच. टपालाच्या ठरावीक दराच्या पाकिटात, घडी न घालता मावेल एवढा. या छोट्या क्विल्ट लिलावात आणि थेट विक्रीत जात, आणि आलेला पैसा अल्झायमरच्या संशोधनाला जाई. 2013 च्या अखेरीस हे काम ठरवून थांबवण्यात आलं. तोवर 11 लाख डॉलरांहून अधिक निधी जमला होता. तेव्हाच्या दरानं ही रक्कम पावणेसात कोटी रुपयांच्या घरात जाते.

एवढा पैसा जमला कसा, हे कारागिरांनी कारागिराच्या नजरेनं पाहावं. पलंगभर क्विल्टला महिने लागतात; वहीच्या पानाएवढी क्विल्ट नोकरी, संसार आणि घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा सांभाळूनही पुरी होते. त्यामुळे देणाऱ्यांची संख्या वाढली. किंमत आवाक्यात राहिल्यानं घेणारेही वाढले. काम पाहणारे सगळे स्वयंसेवक होते, पगारावर कुणी नव्हतं. आणि शिवणाऱ्यांपैकी अनेकींच्या घरात हा आजार येऊन गेला होता. कुणी आईसाठी शिवलं, कुणी नवऱ्यासाठी.

कापडानं आजाराविरुद्ध उभं राहण्याचा त्याआधीचा मोठा दाखला एड्सच्या क्विल्टचा आहे. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर 1,920 तुकड्यांची क्विल्ट अंथरली गेली. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, आणि प्रत्येकावर मेलेल्या माणसाचं नाव. ज्या आजाराचं नाव घ्यायला सरकार आणि समाज कचरत होते, तो आजार त्या दिवशी लोकांच्या पायाशी पसरलेला दिसला. आज या क्विल्टमध्ये सुमारे 50 हजार तुकडे आहेत आणि तिचं वजन 54 टन भरतं.

आता आपल्याकडे वळू. नगर जिल्ह्याला गोधडी नवी नाही. सुगी संपली, उन्हाळा लागला की ओसरीवर जुनेर काढलं जातं. फाटकी लुगडी, विरलेली धोतरं, पोराबाळांचे आखूड झालेले कपडे थरावर थर अंथरायचे, वर त्यातल्या त्यात धड साडी घालायची, कडा दुमडायच्या आणि काठाकडून आत सरकत धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. दोन-तीन जणी भोवती बसल्या की काम पुढं सरकतं आणि बोलणंही. बाळंतिणीच्या घरी जातं ते दुपटं हे याच कामाचं लहान रूप. कर्जतच्या ग्रामदैवताच्या नावातही गोधडी आहे: संत गोदड महाराज. आषाढातल्या कामिका एकादशीला त्यांचा रथ ओढायला सारा तालुका लोटतो. पाथर्डी तालुक्यातले कवी डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शाळेच्या पाठ्यपुस्तकात गेली. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी राज्यभर हिंडून गोधड्यांचा अभ्यास केला. त्यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तक 2013 मध्ये क्विल्टमॅनिया या फ्रेंच प्रकाशनानं काढलं. घरात अंथरायच्या वस्तूकडं कला म्हणून पाहणारा, तिचे पैसे मोजायला तयार असलेला वर्ग आज आहे.

आणि आजार? तोही इथंच आहे. 1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूत सापडलेले बदल वैद्यांच्या सभेत मांडले. मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते होतात, आणि नव्या आठवणी नोंदवणारा भाग आधी ढासळतो. म्हणून आजीला पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं, पण तासाभरापूर्वी जेवल्याचं आठवत नाही. पुढं पैशाचा हिशेब चुकतो, मळ्याची रोजची वाट चुकते, शेवटी पोटची लेक ओळखू येत नाही. घरचे लोक याला म्हातारचळ म्हणतात आणि सोडून देतात. डॉक्टरांपर्यंत माणूस पोचतो तेव्हा बरीच वर्षं गेलेली असतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक डिमेन्शियानं, म्हणजे स्मृतिभ्रंशानं, ग्रासलेले आहेत. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत मोठा प्रकार. त्या अभ्यासातली पुढची बाब या सभागृहाने नीट ऐकावी: हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. खेड्यातली, शाळेत न गेलेली म्हातारी बाई. जिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तीच या आकड्यांत सर्वांत पुढं उभी आहे. आणि घरात कुणाला हा आजार झाला तर दिवसरात्र सांभाळणारीही बहुतेक वेळा बाईच असते.

संशोधनासाठी पैसा कशाला, औषधं आली आहेत ना, असं कुणी विचारेल. अमेरिकेत 2023 मध्ये लेकानेमॅब आणि 2024 मध्ये डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ती मेंदूतलं अमायलॉइड कमी करतात आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण काहीशी मंदावतात. ती आजार बरा करत नाहीत. शिरेतून द्यावी लागतात, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं वारंवार एमआरआय करावे लागतात, आणि खर्च प्रचंड आहे. शेवगावच्या किंवा पारनेरच्या शेतकरी कुटुंबाला आज त्यांचा उपयोग नाही. दुसरीकडं, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये डिमेन्शियाच्या जोखमीची चौदा कारणं सांगितली: कमी शिक्षण, ऐकू न येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, डोळ्यांचा न केलेला इलाज अशी. ती सगळी दूर झाली तर जवळपास 45 टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे. यातली किती कारणं आपल्या गावात किती वजनाची आहेत, हे आपल्या गावात मोजल्याशिवाय कळणार नाही.

असं मोजमाप होऊ शकतं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च 45 वर्षांवरच्या दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचं काम करतं आहे. या केंद्रासाठी उद्योजक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टनं 2014 मध्ये 225 कोटी रुपये दिले. गोधडीतून एवढी रक्कम उभी राहणार नाही. पण संशोधनात छोट्या रकमेलाही जागा असते: एखादी चाचणी मराठीत तयार करणं, एका तालुक्यातल्या शंभर घरांची पाहणी, एका तरुण डॉक्टरची वर्षाची शिष्यवृत्ती. पहिली माहिती हाती आली की मोठा निधी मागता येतो.

चाचणीचा मुद्दा तर अगदी जवळचा आहे. स्मरणशक्ती तपासताना परदेशी प्रश्नपत्रिका वाक्य लिहायला सांगते, छापील सूचना वाचायला सांगते. जिला अक्षरओळख नाही ती बाई निरोगी असूनही नापास होते. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात विजय चंद्रा आणि मेरी गांगुली यांच्या चमूनं यावर उपाय शोधला. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ असं विचारलं, आणि सूचना वाचण्याऐवजी ‘मी करते तसं करा’ असं सांगितलं. ही चाचणी हिंदीत झाली. पुढं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषा होत्या. मराठी नव्हती. नगरी बोली बोलणाऱ्या, दाभणात दोरा ओवणाऱ्या, बाजारहाटाचा तोंडी हिशेब करणाऱ्या बाईची बुद्धी तिच्याच कामातून तपासणारी चाचणी कुणी घडवायची असेल, तर तिच्यासाठी पहिला पैसा इथूनच जायला हवा.

शाळा न शिकलेली बाई आरोग्याच्या कामात काय करू शकते, हे या जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांच्या प्रकल्पात निरक्षर बायका ग्राम आरोग्य सेविका झाल्या. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला, गावाला पाणी उकळून प्यायला शिकवलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिंगव्याजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण महिलांना घर देते. मन आणि मेंदूच्या आजारांबद्दल बोलायला हा जिल्हा अनोळखी नाही.

शिवणकामानं अल्झायमर टळतो का, हा प्रश्न इथं आलेल्या अनेकींच्या मनात असेल. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पंच्याऐंशीच्या पुढच्या 256 लोकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. मध्यम वयात आणि उतारवयात शिवण, सुतारकाम, कुंभारकाम अशा हस्तकला करणाऱ्यांत स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण कमी आढळली. पण हस्तकलेमुळेच ती टळली, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू मुळात शाबूत आहे तेच हस्तकला करत राहिले, असंही असू शकतं. म्हणून गोधडी विकताना ‘मेंदूसाठी औषध’ असा दावा कुणीही करू नये. हातांना सरावाची झालेली कामं मात्र नावं आणि तारखा पुसल्या गेल्यावरही काही काळ टिकतात, हे वैद्यकाला ठाऊक आहे. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या हाती चिंध्या निवडण्याचं, त्या रंगानुसार लावून ठेवण्याचं काम जरूर द्यावं. सुई-कात्रीवर कुणाचं तरी लक्ष हवं.

आता एक अवघड बाजू. अमेरिकेतल्या बहुसंख्य शिवणाऱ्या हौशी होत्या. त्यांचं पोट क्विल्टवर नव्हतं. आपल्याकडं गोधडी शिवून चूल पेटवणाऱ्या बायका आहेत, आणि शहरात हजारोंना विकल्या जाणाऱ्या गोधडीतले मोजकेच पैसे त्यांच्या हाती पडतात. अशा बाईकडं सेवा म्हणून फुकट श्रम मागणं हा अन्याय आहे. तिची मजुरी आधी आणि पूर्ण द्यायची. मजुरी आणि सामानाचा खर्च वजा जाता जे उरेल ते निधीत. जिला नोकरी आहे, पेन्शन आहे, शिवण ही आवड आहे, तिनं श्रमदान करावं. दोन्ही प्रकारच्या कामाची नोंद वेगळी ठेवावी.

कामाची आखणी अवघड नाही. आकार दुपट्याहूनही लहान, भिंतीवर लावता येईल किंवा मांडीवर घेता येईल असा. कापड घरच्या जुनेराचं. शक्य असेल तिथं ज्या माणसाच्या आठवणीसाठी शिवायचं त्याच्याच कपड्यांतलं. प्रत्येक गोधडीला क्रमांक, आणि शिवणारीची परवानगी असेल तर तिचं नाव. विक्रीसाठी जिल्ह्यातलं बचत गटांचं ‘साईज्योती’ प्रदर्शन आहे, शिर्डी आणि शिंगणापूरला बारा महिने येणारे भाविक आहेत, पुण्या-मुंबईत आणि परदेशात गेलेली नगरची कुटुंबं आहेत. पैसा धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या विश्वस्त संस्थेच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावा, आणि वर्षाचा हिशेब याच संमेलनात सर्वांसमोर वाचला जावा. निधी कोणत्या संशोधनाला द्यायचा, हे मेंदूविकारतज्ज्ञांसोबत बसून ठरवावं; त्या समितीत शिवणाऱ्या बायकांची निम्मी संख्या असावी. विक्रीच्या ठिकाणी आजाराची लक्षणं सांगणारा मराठी कागद प्रत्येक गोधडीसोबत द्यावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट, ज्यात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे, तो तालुक्याच्या गावी दाखवता आला तर पुष्कळ घरांना आपल्याच घरात काय चाललं आहे ते उमगेल.

21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या दिवसापर्यंत जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून प्रत्येकी निदान दहा छोट्या गोधड्या याव्यात, म्हणजे 140 गोधड्यांचं पहिलं प्रदर्शन अहिल्यानगर शहरात भरवता येईल. इथं बसलेल्या प्रत्येक गटानं आज घरी जाण्याआधी दारातल्या वहीत आपलं गाव, गटातल्या शिवणाऱ्यांची संख्या आणि किती गोधड्या देणार तो आकडा लिहावा, अशी सर्वांना विनंती आहे.