म्हातारपणाची बाजारपेठ आणि आपण
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



व्यापारी शिष्टमंडळ म्हटलं की पोलाद, मोटारी, औषधं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण अलीकडे अशी शिष्टमंडळं म्हाताऱ्या माणसांच्या शोधातही देशोदेशी हिंडतात. एखाद्या देशाचे मंत्री किंवा व्यापार खात्याचे अधिकारी असतात. बरोबर हॉस्पिटलची यंत्रं विकणाऱ्या, वृद्धनिवास आणि प्रशिक्षण संस्था चालवणाऱ्या कंपन्या असतात. इथे वृद्ध किती, त्यांतले पैसे मोजू शकणारे किती, याचा हिशेब मांडला जातो. या हिशेबात म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढणारी बाई कुठे बसते, हा आजचा माझा प्रश्न आहे.

१९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा-कराराने आरोग्यसेवेलाही व्यापाराच्या चौकटीत आणलं. त्यात सेवाव्यापाराच्या चार वाटा सांगितल्या आहेत. कंपनीने परदेशात जाऊन धंदा उभारणं ही तिसरी वाट, आणि माणसानेच काम करायला परदेशी जाणं ही चौथी. भांडवल तिसऱ्या वाटेने इकडे येतं, बाया चौथ्या वाटेने तिकडे जातात.

जपानचं उदाहरण घेऊ. तिथे आज शंभरातली सुमारे २९ माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. तिथेही म्हाताऱ्यांचं करणं हे सुनेचंच काम मानलं जाई. हिगुची केइको आणि त्यांच्यासारख्या अनेकींनी ऐंशीच्या दशकापासून आवाज उठवला, की शुश्रूषा ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे. २००० साली शुश्रूषा-विमा सुरू झाला. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा खर्च करांतून. घरी रोख रक्कम दिली तर सून पुन्हा घरातच अडकेल, असं या बायांनी बजावलं होतं. म्हणून रोख पैशांऐवजी सेवा देण्याचं ठरलं. स्त्री-चळवळीचं हे मोठं यश होतं.

पण सेवेचे दर सरकार ठरवतं, आणि ते दर बेताचे. त्यामुळे या कामाचा पगार इतर क्षेत्रांच्या सरासरीपेक्षा कमीच राहिला. घरातलं बायकांचं काम बाजारात आलं, पण फुकटेपणाचा शिक्का पुसला गेला नाही. साहजिकच माणसं मिळेनात. मग इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि व्हिएतनामशी झालेल्या आर्थिक करारांतून २००८ पासून परिचारिका आणि शुश्रूषा-सेविका येऊ लागल्या. पगार वाढवण्यापेक्षा दुसऱ्या देशातून बाया आणणं सोपं वाटलं.

या करारांतून गेलेल्या परिचारिका आपापल्या देशात शिकलेल्या, अनुभवी होत्या. पण जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा पास होईपर्यंत त्यांना मदतनीस म्हणूनच राबावं लागे. २००९ साली त्यांच्यातले ८२ जण परीक्षेला बसले, एकही उत्तीर्ण झाला नाही. २०१० साली २५४ पैकी फक्त ३. पुढे कठीण अक्षरांवर उच्चार छापणं, जास्त वेळ देणं अशा सवलती झाल्या. पण पहिल्या तुकड्यांची उमेदीची वर्षं गेली ती गेलीच.

२०१६ साली जपानने पुढचं पाऊल टाकलं. आशियाई देशांसाठी आरोग्य आणि शुश्रूषेची योजना जाहीर केली: जपानी पद्धतीची शुश्रूषा आशियात न्यायची, आणि तिथल्या माणसांनी जपानमध्ये काम शिकून परत यायचं. ऐकायला वर्तुळ पुरं होतं. पण परत येऊन तिने काम कुणाकडे करायचं? जपानमधल्या वृद्धामागे विमा आहे. आपल्याकडे असा विमा नाही. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. म्हणजे परदेशी कंपनी इथे आली तर ती पैसेवाल्यांच्या दारीच जाणार. तिथे राबणाऱ्या बाईच्या आईला त्या वृद्धनिवासाची पायरीसुद्धा चढता येणार नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला, त्यात शुश्रूषेचं काम आहे. या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला.

मुलींनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. घराबाहेर पडण्याची, चार पैसे स्वतःच्या हातात येण्याची वाट बंद करणारे आपण कोण? पण तिच्या मागे लेकरं आणि सासू-सासरे कोण बघतं? तिची आई, तिची जाऊ, नाहीतर धाकटी बहीण. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. एक बाई परदेशी गेली की तिची मिनिटं दुसऱ्या बाईच्या खात्यात जमा होतात.

म्हणून आपल्या मागण्या दोन्ही टोकांना हव्यात. करारांचा मजकूर मराठीत खुला करा. दलालीचा आणि भाषा शिकण्याचा खर्च मालकाने सोसावा. निघण्यापूर्वी करारपत्र मुलीला समजणाऱ्या भाषेत तिच्या हाती पडावं. आणि इथे, आपल्या शहरांत, ब्यूरोमार्फत बारा-बारा तास पेशंट सांभाळणाऱ्या बायांना किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि नोंदणी मिळावी. घरकामगारांसाठीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार भारताने अजून मान्य केलेला नाही, तो मान्य करायला लावला पाहिजे.

आपापल्या वस्तीतल्या अशा बायांची यादी करण्यापासून सुरुवात करू या. ड्युटी किती तासांची, हातात किती पडतात, ब्यूरो किती कापतो, घरी म्हातारं माणूस कोण आहे, एवढं विचारलं तरी पुरे. पुढचं शिष्टमंडळ येईल तेव्हा त्यांच्या हिशेबासमोर ठेवायला आपलाही हिशेब तयार हवा.