पुड्याची पाठ



आज आम्ही तुमच्याशी खाण्याच्या पुड्यांविषयी बोलणार आहोत. तुम्ही आता वाचायला शिकलात. पोथी वाचता, एस.टी.ची पाटी वाचता. पण बिस्किटांच्या पुड्याची पाठ कोणी वाचतो का?

आधी आमचीच फजिती सांगतो. आम्हाला मधुमेह आहे. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, साखर आणि पिठाचे पदार्थ कमी करा." आम्ही चहातली साखर सोडली. कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मान खाली घालून जाऊ लागलो. रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक केली. मग भूक लागायची. तेव्हा 'शुगर फ्री' बिस्किटे खायचो. सकाळी अर्धा पुडा, संध्याकाळी अर्धा. तीन महिन्यांनी रक्त तपासले, तर साखर उलट वाढलेली! डॉक्टरांनी पुडा मागवला आणि पालथा करून आमच्या हाती दिला. जन्मभर पोरांना "नीट वाचा रे" म्हणून बजावले, आणि स्वतः मात्र पुड्याची पाठ वाचली नव्हती.

पाठीवर घटकांची यादी असते. जो पदार्थ वजनाने जास्त, त्याचे नाव आधी, असा कायदा आहे. आमच्या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे. पुढे 'माल्टोडेक्स्ट्रिन' हे अवघड नाव. ही मका वगैरेच्या पिष्टापासून केलेली पूड. जिभेला फारशी गोड लागत नाही, पण पोटात गेली की तिची झटपट साखर होते. मैद्याचेही तेच. पिष्ट काय, साखर काय, दोन्ही कर्बोदकेच.

त्या 100 ग्रॅमच्या पुड्यात 70 ग्रॅम कर्बोदके होती. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घ्या. तिच्यात सुमारे 40 ग्रॅम. म्हणजे आम्ही ताटातली एक भाकरी काढली आणि पावणेदोन भाकऱ्या बिस्किटांच्या वाटेने पोटात घातल्या! 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल, तर 'शुगर फ्री' लिहायला कायद्याने मुभा आहे. तेव्हा पुडा खोटे बोलला नव्हता. मैद्याबद्दल मात्र तोंडावर अवाक्षर नव्हते.

आणखी एक अडचण आहे. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याला पुरते. मराठीची सक्ती नाही. आम्हाला हे पटत नाही. ज्याने खायचे त्यालाच वाचता येऊ नये, ही कसली रीत? पण म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. इंग्रजी आकडे शिकून घ्या, ते दहाच आहेत. 'कार्बोहायड्रेट' हा शब्द नातवाकडून एकदा दाखवून घ्या. त्याचे पहिले अक्षर चंद्रकोरीसारखे असते. आकडा 100 ग्रॅमचा आहे की दोनच बिस्किटांचा, तेही पाहा. दोन बिस्किटांचा आकडा लहानच दिसणार.

आपला मुलूख उसाचा. "गुळाचा चहा चालतो," असे सांगलीकडे पुष्कळजण म्हणतात. अहो, गूळही उसाचाच, आणि त्यातही बहुतेक साखरच. बेदाण्याचा लाडू 'बिनसाखरेचा' म्हणून खातात. द्राक्ष वाळले, पाणी उडाले, साखर आतच राहिली. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट.

मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी आमचे ऐकून भाकरी एकदम बंद करू नये. रक्तातली साखर फार उतरली तर माणूस घेरी येऊन पडतो. डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

परवा सांगलीला लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंनी बिस्किटे पुढे केली. "मामा, ही खास नाचणीची आहेत, तुम्हाला चालतील." आम्ही चष्मा लावला आणि पुडा पालथा केला. पहिला मैदा, मग साखर, मग तेल. नाचणी कुठे तर पार खाली. आम्ही नातीला यादी मोठ्याने वाचायला लावली. जावईबापू हसले. पुडा आत गेला आणि बशीत भाजलेले शेंगदाणे आले.