तुमचं यंत्र झोपलंय का?



मी बंगळूरमध्ये बोटांचे ठसे घेणाऱ्या सेन्सरच्या चिप डिझाइन करते. ठसा तितकाच स्पष्ट यायला हवा आणि वीज मात्र कमी लागायला हवी, एवढंच माझं काम. आज मी तुम्हाला विजेचा एक हिशेब सांगणार आहे. तो मी चुकवला होता, आणि तो दुरुस्त करणारी व्यक्ती इंजिनियर नव्हती.

आपल्या देशात ठसा आणि कामाचा करार यांचं नातं जुनं आहे. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा एका करारावर घेतला. रस्त्यासाठी सामान पुरवण्याचा तो करार होता. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला आणि ठसा घरोघरी पोहोचला. हर्शेलच्या शाईला बॅटरी लागत नव्हती. आजच्या ठशाला लागते.

आता तुमचं बोट जरा जवळून बघा. शेतात सरी-वरंबे असतात ना, तसेच तुमच्या कातडीवर आहेत. दोन वरंब्यांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. मी बनवते त्या कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये धातूच्या हजारो इवल्याशा पट्ट्या असतात. बोट टेकवलं की वरंबा पृष्ठभागाला चिकटतो, सरीत हवा राहते. वरंब्याखालच्या पट्टीची विद्युतभार साठवण्याची क्षमता जास्त भरते, सरीखालची कमी. हा फरक मोजून चिप ठशाचं चित्र तयार करते. इंचाला 500 बिंदू हे प्रचलित माप धरलं, तर एक सेंटिमीटर लांब-रुंद सेन्सरवर सुमारे 39 हजार बिंदू वाचावे लागतात.

तुम्ही म्हणाल, मग सगळी वीज या 39 हजार बिंदूंनाच लागत असणार. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आपण हिशेब करू.

समजा, सेन्सरला नाण्याएवढी एक बॅटरी दिली, 220 मिलिअँपिअर-तासांची. जागा असताना सेन्सर 10 मिलिअँपिअर घेतो. तो सतत जागा ठेवला तर बॅटरी 22 तासांत संपते. म्हणून आपण त्याला झोपवतो. झोपेत तो फक्त 10 मायक्रोअँपिअर घेतो आणि सेकंदाला काही वेळा एक डोळा उघडून बघतो, 'बोट आलं का?' आता दिवसाला 20 ठसे घेतले, प्रत्येकाला अर्धा सेकंद लागला, तर वर्षभराच्या ठशांना लागतात सुमारे 10 मिलिअँपिअर-तास. आणि वर्षभर नुसती वाट बघायला? जवळजवळ 88!

म्हणजे काम करण्यापेक्षा वाट बघण्यात आठ-नऊ पट वीज जाते. त्यामुळे आमच्या धंद्यातली खरी लढाई झोपेवर चालते. झोप किती गाढ असावी, आणि जाग कशानं यावी?

आमच्या गटाला एका हजेरी यंत्राचा सेन्सर करायचा होता. बांधकामाच्या जागी विजेचा भरवसा नसतो, म्हणून यंत्र बॅटरीवर चालणारं. मी दोन गोष्टी केल्या. एक, जाग येण्याचा उंबरठा वर नेला. धूळ, घाम, नुसता हात जवळून जाणं, अशानं सेन्सर उगाच उठायला नको. दोन, व्होल्टेज कमी केलं. व्होल्टेज 70 टक्क्यांवर आणलं की पट्ट्या भारायला लागणारी ऊर्जा जवळपास निम्मी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्रयोगशाळेत आम्ही सगळ्यांनी बोटं टेकवून बघितली. ठसे छान आले. आकडे बघून मी खूश होते.

मग आम्ही हैदराबादमध्ये एका इमारतीच्या कामावर चाचणी घेतली. सकाळी आठची वेळ, यंत्रापुढे रांग. रांगेत एक वयस्कर बाई होत्या, नांदेडकडच्या. त्यांनी बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. यंत्र जागंच होईना. त्यांनी बोट केसांतून फिरवलं, तेलाचा हात लागावा म्हणून, आणि परत ठेवलं. या वेळी यंत्र उठलं आणि म्हणालं, ओळख पटली नाही. मी मराठीत बोलतेय हे ऐकून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं यंत्र झोपलंय का माझं बोट मेलंय?"

मागचे लोक हसले. मला हसू आलं नाही. हजेरी उशिरा लागली तर त्यांचा अर्धा रोज जाणार होता. त्या दिवशी वहीत नाव लिहून घेतलं, म्हणून निभावलं.

मावशींचं बोट मेलेलं नव्हतं. ओल्या सिमेंटमधला चुना कातडी कोरडी करतो, भाजतो, आणि वाळू-विटा वरंबे घासून टाकतात. कोरड्या बोटाचा संकेत मुळातच क्षीण असतो. मी व्होल्टेज उतरवून तो आणखी क्षीण केला होता. गोंगाट मात्र होता तेवढाच राहिला. वरून जाग येण्याचा उंबरठाही उंच. प्रयोगशाळेत हे दिसलं नाही, कारण तिथली सगळी बोटं कीबोर्ड चालवणारी होती.

त्या रात्री मी यंत्राच्या नोंदी काढल्या. मावशींसारख्या बोटांना चार-चार, पाच-पाच प्रयत्न लागत होते. प्रत्येक प्रयत्नाला वीज लागत होती. मी एका ठशामागची ऊर्जा निम्मी केली होती, पण त्यांची ओळख पटवायला पूर्वीपेक्षा दुप्पट ऊर्जा जात होती. माझं मापच चुकलं होतं. एका ठशाला किती ऊर्जा लागली हे न मोजता, एक माणूस ओळखायला किती लागली हे मोजायला हवं होतं.

मग आम्ही रचना बदलली. जाग येण्याचा उंबरठा खाली आणला. उगाच येणारी जाग स्वस्तात परत झोपवण्यासाठी सेन्सर आधी फक्त थोड्या ओळी वाचतो. बोट नसेल तर लगेच झोपतो. बोट असेल तर ते ओलं आहे की कोरडं, हे त्याच ओळींवरून ठरवतो. मऊ, ओलसर बोटाला कमी व्होल्टेज पुरतं. कोरड्या बोटाला पूर्ण व्होल्टेज, आणि लागलं तर चार वेळा वाचून सरासरी. चार वाचनांनी गोंगाट निम्मा होतो, खर्च चौपट होतो. हा खर्च सगळ्यांवर करायचा नाही, जिथं गरज आहे तिथंच करायचा. बोटाखाली न आलेला भाग तर वाचायचाच नाही.

तरीही काही बोटांवर वरंबे उरलेलेच नसतात. तिथं कुठलंही व्होल्टेज उपयोगाचं नाही. म्हणून यंत्रासोबत दुसरी वाट हवीच: चेहरा, बुबुळ किंवा साधी वही. ती वाट ठेवणं हाही डिझाइनचाच भाग आहे.

काटकसर आपल्याला घरातून शिकवलेली असते. पण घरातली शहाणी बाई काटकसर करते, तेव्हा आजाऱ्याच्या वाटचं दूध कमी करत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. आता आमच्या प्रयोगशाळेत नवी चिप आली, की चाचणीला गवंडी, शेतमजूर, भांडी घासणाऱ्या बाया यांना आधी बोलावतो, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. आमची बोटं शेवटी.

तुम्ही यंत्र बनवत असा, नियम बनवत असा किंवा फॉर्म, तुमची बचत कुणाच्या बोटावरून होतेय, एवढं एकदा तपासा.