परसबागेतील कीड : घरगुती उपाय आणि एक दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गतवर्षी याच सभागृहात परसबागेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली होती. यंदा कार्यकारी मंडळाने दुसरा विषय सुचविला होता. परंतु आम्ही आग्रहाने हाच विषय पुन्हा मागून घेतला. त्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आम्ही जे सांगितले त्यातील एक गोष्ट चुकीची होती, आणि ती चूक ज्या व्यासपीठावरून झाली त्याच व्यासपीठावरून तिची दुरुस्ती व्हावी असे आम्हांस वाटले.

त्या व्याख्यानात आम्ही तंबाखूच्या काढ्याची मोठी वाखाणणी केली होती. तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी उकळून गाळावी आणि ते पाणी माव्यावर फवारावे. मावा तासाभरात गळून पडतो, असे आम्ही सांगितले. मावा पडतो हे खरे आहे. पुढे पावसाळ्यानंतर आपल्यापैकीच एका घरातील सूनबाईंनी गच्चीवरील मिरचीच्या रोपांसाठी हा काढा केला. हाताला काही न लावता तो गाळला. फवारणीचा पंप गळका होता, त्यातून मनगटावर धार येत राहिली. वाराही समोरून होता. तासाभरात त्यांना मळमळू लागले, दरदरून घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या, भोवळ येऊन त्या जिन्यातच बसल्या. रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या होऊन घरी आल्या, ही ईश्वरकृपा. त्यांच्या सासऱ्यांनी आम्हांस फोन केला. ते रागावले नाहीत. "आपण सांगितले होते, म्हणून केले," एवढेच म्हणाले. रागावले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

तंबाखूतील निकोटीन हे जहाल विष आहे आणि ते त्वचेतून शरीरात शिरते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. निकोटीन सल्फेट नावाचे कीटकनाशक पूर्वी बाजारात मिळत असे. आज आपल्या देशात त्याच्या वापरास मनाई आहे. जी वस्तू कारखान्यातून आली तर घातक, ती आपल्या चुलीवर उकळली म्हणून सात्त्विक होत नाही. 'घरगुती' आणि 'नैसर्गिक' या दोन शब्दांनी आम्ही भुललो. आणखी एक अपाय त्यात आहे. तंबाखूवर पडणाऱ्या एका रोगाचा विषाणू वाळलेल्या पानांतही टिकून राहतो आणि टोमॅटो व मिरची या तिच्या सगोत्र पिकांना लागतो. म्हणजे मावा घालवावा आणि रोग आणावा, असा तो व्यवहार. आपल्यातील जे बंधू तंबाखू मळतात (नावे घेत नाही, पुढच्याच रांगेत आहेत), त्यांनी निदान टोमॅटोच्या रोपाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

तेव्हा तंबाखूचा काढा कोणी करू नये. हाच न्याय आम्ही दशपर्णी अर्कालाही लावतो. शेतकरी बांधव तो जाणतेपणाने करतात. परंतु त्यात धोतरा, कण्हेर, रुई असा विषारी पाला पडतो आणि पिंप महिनाभर आंबत ठेवावे लागते. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे सज्जात असे पिंप नको.

मग उरले काय? पुष्कळ उरले, आणि त्यात पहिला मान कडुनिंबाचा. आपल्या आज्या धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालीत, त्यामागील शास्त्र पुढे उलगडले. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली असता सारी झाडे बोडकी झाली, कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, हे श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत असे दाखविले. पुढे याच निंबोळीच्या तेलावर आधारलेल्या बुरशीनाशकाचे पेटंट 1994 साली युरोपात एका अमेरिकन कंपनीस व अमेरिकेच्या कृषिखात्यास मिळाले! आपल्याकडील लोकांनी व त्यांच्या युरोपीय मित्रांनी झगडून ते 2000 साली रद्द करविले आणि 2005 साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. जे ज्ञान जिंकून आणण्यासाठी दहा वर्षे भांडावे लागले, ते आपल्या घरात मात्र विसरले जाते, याचे नवल वाटते.

निंबोळीचा अर्क असा करावा. उन्हाळ्याच्या अखेरीस व पहिल्या पावसाच्या सुमारास झाडाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्या आणि हवा खेळेल अशा कापडी पिशवीत ठेवाव्या. बुरशी आलेली बी टाकून द्यावी आणि वर्षाहून जुनी वापरू नये. लागेल तेव्हा 50 ग्रॅम बियांची भरड करून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, दुसऱ्या दिवशी दुहेरी फडक्यातून गाळावी आणि त्यात 2 ग्रॅम साधा साबण किसून विरघळवावा, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. सूर्यप्रकाशाने त्यातील अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक लवकर नष्ट होतो, म्हणून फवारणी उन्हे उतरल्यावर करावी. त्या वेळी मधमाश्याही परतलेल्या असतात. पानाच्या खालच्या बाजूस फवारा बसला पाहिजे, कारण बिऱ्हाड तेथेच असते.

येथे एक समजूत दूर करणे अवश्य आहे. निंबोळी किडीला जागच्या जागी मारीत नाही. तिची भूक मरते, कात टाकणे अडते, अंडी घालणे कमी होते. हे घडण्यास चार-सहा दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी "अर्क निकामी आहे" म्हणून दुकानातून विषाची बाटली आणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. एके काळी आम्हीही त्यांतलेच होतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पोटासाठी फवारीत होते. आपल्याला तर चार कुंड्यांतील वांगी राखावयाची आहेत. त्यासाठी तसले विष घरात आणण्याचे काय प्रयोजन?

माव्यासाठी नुसते साबणाचे पाणीही पुरते. मऊ अंगाच्या किडीचे मेणचट कवच साबणाने विरघळते व ती सुकून मरते. मात्र अंगावर थेट थेंब पडला तरच. अगोदर एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी, कोवळी पालवी करपते की काय ते कळते. पिठ्या ढेकणाला दात घासण्याचा जुना ब्रश याच पाण्यात बुडवून खरवडावे. आणि मुंग्यांकडे लक्ष असू द्यावे. मावा व पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्याच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकून लावतात. कुंडीची तिवई पाण्याच्या वाट्यांत ठेवली की हे राखणदार खालीच राहतात.

भोपळा-काकडीच्या कोवळ्या वेलांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळी दंव असताना चाळलेली राख हलकेच भुरभुरावी. ढीग घालू नये, माती बिघडते. वेलावर भुरी दिसू लागताच एक भाग दूध व नऊ भाग पाणी आठवड्याने फवारावे. ब्राझीलमध्ये बेत्तिओल यांनी 1999 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. वांग्याचा शेंडा मान टाकू लागला तर फवारणीत वेळ दवडू नये. अळी आत शिरलेली असते, शेंडाच खुडून नष्ट करावा. आणि मिरचीवर विषाणूचा बोकड्या आला असेल तर त्यावर कोणताही अर्क चालत नाही. रोप उपटावे, मन घट्ट करून. हे सांगताना आमच्याच घरात दर वर्षी वाद होतो.

कढीलिंबावरची अळी मात्र आम्ही मारीत नाही. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते आणि कोष करून फुलपाखरू होते. रोप मोठे असेल तर दोन अळ्या मुलांसाठी राखाव्या, बाकीच्या हाताने वेचाव्या. ठिपक्यांचा तांबडा ढालकिडा दिसला तर त्या कुंडीवर काहीच फवारू नये, साबणही नको. तो आणि त्याची पिल्ले मावाच खातात. ती काळी, केसाळशी पिल्ले पुष्कळजण कीड समजून चिरडतात.

आता शेवटची गोष्ट. ज्यांना आमच्या सांगण्याने त्रास झाला त्या सूनबाई आज सभागृहात आहेत. त्यांच्याच संमतीने आम्ही हा प्रसंग सांगितला. गेल्या महिन्यात त्यांच्या गच्चीवर जाऊन आम्ही उभयतांनी नव्या मिरचीवर निंबोळीचा पहिला अर्क फवारला. हातमोजे त्यांनी आम्हांसही घालावयास लावले. कार्यालयाच्या आवारातील दोन्ही कडुनिंबांखालच्या निंबोळ्या यंदा महिला मंडळ वेचून वाळविणार आहे. ज्यांना बी हवे असेल त्यांनी बाहेरच्या मेजावरील वहीत नाव लिहावे. त्याच पानावर वरील प्रमाण लिहून ठेविले आहे, ते उतरून घ्यावे. तंबाखूचा गतवर्षीचा छापील कागद ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो फाडून टाकावा, ही विनंती.